विटनेसेथ, हॅथ, डोथ, मीथिंक्स : इंग्रजीतली जुनी क्रियापदरूपं कशी वाचायची?

निळी शाई (धागा सुरू केला)

इंग्रजी दस्तांची मराठी भाषांतरं तपासताना एक चूक वारंवार दिसते. मूळ खरेदीखतात 'नाऊ धिस डीड विटनेसेथ अ‍ॅज अंडर' असं असतं आणि भाषांतरात येतं, 'साक्षीदार खालीलप्रमाणे'. खाली मात्र साक्षीदारांचा पत्ता नसतो, थेट व्यवहाराची कलमं सुरू होतात. साक्षीदारांच्या सह्या असतात शेवटच्या पानावर.

हे 'विटनेसेथ' क्रियापद आहे एवढं ठाऊक आहे. पण शेवटी 'एथ' लागण्याचा नियम नक्की काय? कोणता काळ, कोणता पुरुष, कोणतं वचन? 'हॅथ', 'डोथ', 'सेथ' ही त्याचीच भावंडं का? आणि 'दाऊ'बरोबर येणारं 'एस्ट' वेगळं का? जाणकारांनी सविस्तर लिहावं. बायबल, शेक्सपिअर, दस्त, कुठलीही उदाहरणं चालतील.

---

पूर्णविराम

नियम छोटा आहे. 'एथ' म्हणजे वर्तमानकाळ, तृतीय पुरुष, एकवचन. आज जिथे क्रियापदाला नुसता 'स' लागतो, तिथेच आणि तेवढ्याच जागी. ही गोज, ही गोएथ. शी मेक्स, शी मेकेथ. अर्थात तसूभरही फरक नाही.

'एस्ट' म्हणजे द्वितीय पुरुष, एकवचन. कर्ता 'दाऊ' असला की 'एस्ट': दाऊ गोएस्ट, दाऊ मेकेस्ट. 'मी', 'आम्ही' आणि 'ते' यांना शेवटी काहीच लागत नाही.

सगळा नियम एका जागी पाहायचा असेल तर 1611च्या किंग जेम्स बायबलातलं तेविसावं स्तोत्र उघडा. सहाच ओव्या आहेत. आधी देवाबद्दल बोलणं चालू आहे, म्हणून 'ही मेकेथ मी टु लाय डाऊन', 'ही लीडेथ मी', 'ही रिस्टोरेथ माय सोल'. चौथ्या ओवीत मृत्यूच्या छायेची दरी येते आणि बोलणारा एकदम देवाशीच बोलू लागतो: 'फॉर दाऊ आर्ट विथ मी'. तिथून पुढे 'दाऊ प्रिपेअरेस्ट अ टेबल', 'दाऊ अनॉइंटेस्ट माय हेड'. मग कर्ता पुन्हा वस्तू होतो आणि 'माय कप रनेथ ओव्हर'. त्याच चौथ्या ओवीत काठी आणि आकडी मिळून अनेकवचन झालं, म्हणून 'दे कम्फर्ट मी', शेपूट नाही. आणि 'दो आय वॉक'मध्ये कर्ता 'मी', तिथेही शेपूट नाही. 'त्याच्याविषयी' बोलणारा 'तुझ्याशी' कधी बोलू लागला, हे क्रियापदाच्या टोकावरून कळतं. आजच्या इंग्रजीत ही सोय उरलेली नाही.

याच स्तोत्रातलं 'आय शॅल नॉट वाँट' पुष्कळांना अडवतं. तिथे 'वाँट'चा अर्थ इच्छा नसून उणीव. मराठी बायबलात तो अचूक उतरलाय: 'मला काही उणे पडणार नाही'.

---

घाटमाथा

वर पूर्णविराम यांनी नियम दिलाच आहे, मी स्पेलिंगचं आणि अपवादांचं लिहितो, कारण खरी गडबड तिथे होते.

मूळ शब्दाच्या शेवटी न उच्चारला जाणारा ई असेल तर नुसतं टी-एच जोडायचं: मेकेथ, कमेथ, गिव्हेथ. आखूड स्वरानंतर एकच व्यंजन असेल तर ते दुप्पट होतं: रनेथमध्ये दोन एन, सिटेथमध्ये दोन टी. व्यंजनानंतर वाय असेल तर त्याचा आय होतो: कॅरिएथ. आज 'इंग' लावताना किंवा 'कॅरीज' लिहिताना जे करतो तेच, नवं शिकायला लागत नाही.

नेहमीच्या तीन क्रियापदांची रूपं आखूड झालेली आहेत. हॅवचं हॅथ, डूचं डोथ, सेचं सेथ. दाऊबरोबर हॅस्ट, डोस्ट. 'बी'चं दाऊ आर्ट, भूतकाळात दाऊ वॉस्ट किंवा वर्ट.

शॅल, विल, कॅन, मे, मस्ट यांना 'एथ' कधीच लागत नाही, कारण आजही त्यांना 'स' लागत नाही. पण दाऊबरोबर त्यांची रूपं बदलतात: शॅल्ट, विल्ट, कॅन्स्ट, मेएस्ट, शुड्स्ट, वुड्स्ट. 'मस्ट' तेवढं जसंच्या तसं राहतं.

भूतकाळालाही 'एथ' लागत नाही. 'ही वेंटेथ' असं काही नसतं. 'एस्ट' मात्र भूतकाळात लागतं: उत्पत्तीच्या पुस्तकात आदाम म्हणतो, 'द वुमन हूम दाऊ गेव्हेस्ट'. म्हणजे 'एथ' दिसलं की वर्तमानकाळ पक्का. 'एस्ट' दिसलं तर मूळ क्रियापद पाहिल्याशिवाय काळ ठरवू नका.

उच्चार: 'डोथ' लिहितात पण म्हणतात 'डथ', आणि 'डोस्ट'चा 'डस्ट'. आजच्या 'डन'मधला स्वर. 'सेथ'मध्ये 'सेड'मधला आखूड ए. बाकीच्यांतलं 'एथ' आघातहीन, जवळजवळ 'इथ'. 'रन्-एथ' असं शेवटावर जोर देऊन म्हणू नये.

---

केशर

दाऊ हा आदरार्थी शब्द ना? देवाला, राजाला वापरतात म्हणून विचारते.

---

पूर्णविराम

नाही, नेमकं उलट. दाऊ म्हणजे आपलं 'तू'. यू हे मुळात अनेकवचन, पुढे आदरार्थी झालं, जसं आपलं 'तुम्ही'. देवाला दाऊ म्हणतात ते जवळिकीनं, विठ्ठलाला आपण 'तू' म्हणतो तसं. नंतर रोजच्या बोलण्यातून दाऊ गेलं, प्रार्थनेत तेवढं राहिलं, आणि प्रार्थनेतला शब्द म्हणून त्याला भारदस्तपणा चिकटला.

1603 साली सर वॉल्टर रॅलेवर राजद्रोहाचा खटला चालला. सरकारी वकील एडवर्ड कोक यांनी भर न्यायालयात त्याला सुनावलं: 'आय दाऊ दी, दाऊ ट्रेटर!' इथे पहिलं 'दाऊ' चक्क क्रियापद आहे. मराठीत याला शब्द तयार आहे: अरे-तुरे करणे. वरिष्ठाला किंवा अनोळखी माणसाला दाऊ म्हणणं हा त्या काळी उघड अपमान होता.

विभक्तीचं लक्षात ठेवा: कर्ता दाऊ, कर्म दी, 'तुझा' म्हणजे दाय. पुढे स्वर आला तर दाईन. वरच्या स्तोत्रात 'माईन एनेमीज' आहे तेही पुढच्या स्वरामुळेच. अनेकवचनात कर्ता यी, कर्म यू.

---

बोरू

थोडी ऐतिहासिक बाजू. एक तर याला 'ओल्ड इंग्लिश' म्हणू नये. ती साधारण 1100पर्यंतची भाषा, आजच्या इंग्रजी वाचकाला शिकल्याशिवाय एक ओळ लागत नाही. आपण बोलतोय ते अर्ली मॉडर्न इंग्लिशबद्दल, ढोबळमानानं 1500 ते 1700.

'एथ' हे दक्षिणेकडचं आणि मध्य इंग्लंडचं रूप, 'स' उत्तरेचं. नॉर्थम्ब्रियातल्या दहाव्या शतकातल्या लेखनातच 'स' दिसतो. लंडनच्या लेखी भाषेत बराच काळ 'एथ' चालायचं. सोळाव्या शतकात उत्तरेचा 'स' बोलण्यातून वर आला आणि 1600च्या आसपास दोन्ही रूपं शेजारी शेजारी नांदत होती. हॅथ आणि डोथ सर्वांत चिवट, ती बाकीच्यांच्या मागे कितीतरी वर्षं टिकली.

शेक्सपिअरमध्ये दोन्ही एकाच ओळीत सापडतात. 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मधलं पोर्शियाचं दयेवरचं भाषण घ्या: 'इट ब्लेसेथ हिम दॅट गिव्ज अँड हिम दॅट टेक्स'. एक 'एथ', दोन 'स'. अर्थभेद शोधू नका, तो नाही. कवीला सोय हवी असते ती अक्षरांची. त्याच भाषणात आधी 'इट ड्रॉपेथ अ‍ॅज द जेंटल रेन' आहे. ड्रॉप्स एक अक्षरी, ड्रॉपेथ दोन अक्षरी. तिथे 'ड्रॉप्स' घातलं तर ओळ लंगडते. आपल्या कवींनी वृत्तासाठी ऱ्हस्वाचं दीर्घ केलं, त्याच जातीची ही सूट.

आणखी एक फार मोलाचा पुरावा. रिचर्ड हॉजेस नावाच्या शिक्षकानं 1643च्या शुद्धलेखनाच्या पुस्तकात नोंदवलंय की लोक लिहितात लीडेथ, मेकेथ, पण बोलताना लीड्स, मेक्स असंच म्हणतात. म्हणजे तोवर 'एथ' कागदावरच राहिलं होतं. 1611च्या बायबलात ते सगळीकडे आहे याचं कारण त्याच्या भाषांतरकारांनी आधीची भाषांतरं पायाला घेतली, आणि त्यांचा मोठा भाग टिंडेलच्या 1526च्या नव्या करारापर्यंत जातो. छापून आलं तेव्हाच ती भाषा जरा जुनी वाटत असणार.

---

निळी शाई

बोरू, पूर्णविराम, घाटमाथा, मनापासून आभार. आता दस्ताकडे वळू या. 'विटनेसेथ' कर्त्याशी जोडून वाचायचं म्हणजे कर्ता 'धिस डीड'. बरोबर?

---

घाटमाथा

अगदी बरोबर. 'हा दस्त साक्ष देतो की...'. साक्ष देणारा कागद, माणूस नव्हे.

गोंधळ होतो त्याचं कारण रचनेत आहे. जुन्या इंडेंचरमध्ये (पक्षकारांमधल्या करारदस्तात) सगळा मजकूर मिळून एकच वाक्य असायचं. 'धिस इंडेंचर' हा कर्ता पहिल्या ओळीत. मग तारीख, पक्षकार, त्यांचे पत्ते, मिळकतीचा पूर्वेतिहास, आणि पान-दीड पानानंतर क्रियापद 'विटनेसेथ'. कर्ता आणि क्रियापद इतके दूर गेल्यावर कुणीतरी ते मोठ्या अक्षरांत मधोमध टाकलं, पुढे विसर्गचिन्हासारखे दोन टिंब दिले, आणि ते मथळा वाटू लागलं. मथळा म्हटला की वाचणारा त्याला नाम समजतो आणि 'साक्षीदार' करून मोकळा होतो.

याच ठिकाणची दुसरी चूक इंग्रजी मसुद्यांतच असते. 'नाऊ दीज प्रेझेंट्स विटनेसेथ' असं सर्रास लिहितात. 'दीज प्रेझेंट्स' म्हणजे 'हा प्रस्तुत लेख', पण रूप अनेकवचनी. अनेकवचनी कर्त्याला 'एथ' चालत नाही. 'दीज प्रेझेंट्स विटनेस' हवं. 'धिस डीड' असेल तर विटनेसेथ, 'दीज प्रेझेंट्स' असेल तर विटनेस. मुखत्यारपत्राच्या सुरुवातीचं 'नो ऑल मेन बाय दीज प्रेझेंट्स' तेही हेच: 'या लेखाने सर्वांस कळावे की'. तिथे 'भेटवस्तू' किंवा 'उपस्थित' असं भाषांतर झालेलं दिसतं, ते पूर्ण चूक.

शेवटचं 'इन विटनेस व्हेअरऑफ' मात्र खरंच नाम आहे: 'याची साक्ष म्हणून'. त्याच्या खाली पक्षकारांच्या सह्या आणि मग साक्षीदार.

---

बोरू

मराठी भाषांतरात 'हा दस्त साक्ष देतो की' असं शब्दशः लिहिलं तर चूक नाही, पण मराठी दस्ताची वळणं वेगळी आहेत. 'कारणे खरेदीखत लिहून देतो ऐसा जे' हे आपलं तेवढंच जुनं सूत्र, आणि शेवटी 'सबब हे खरेदीखत लिहून दिले असे'. यातलं 'असे' म्हणजे 'आहे', तेही जुनं क्रियापदरूपच. विटनेसेथच्या जागी माझी पसंती 'येणेप्रमाणे' या शब्दाला: 'सबब उभय पक्षांत येणेप्रमाणे ठरले आहे की'. वाचणाऱ्याला लगेच कळतं की आता कलमं सुरू.

नव्या इंग्रजी मसुद्यात 'विटनेसेथ' ठेवूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. 'द पार्टीज अ‍ॅग्री अ‍ॅज फॉलोज' पुरेसं आहे. बंधन येतं ते पुढच्या कलमांतून, या शब्दातून नाही.

मृत्युपत्रांतलं 'आय गिव्ह, डिव्हाइज अँड बिक्वीथ' यातला 'थ' पाहून ते 'एथ' समजू नका. बिक्वीथ (मृत्युपत्रानं देणे) हे मूळ क्रियापदच तसं आहे, आणि कर्ता 'मी' असल्यानं 'एथ' लागायचा प्रश्नच नाही. 'ही बिक्वीथ्स' असंच होतं. त्याचं नातं जुन्या 'क्वोथ'शी आहे.

---

केशर

'क्वोथ' म्हणजे कोट करणे ना? आणि 'मीथिंक्स' व्याकरणात कसं बसतं? 'मी'ला 'थिंक्स' कसं काय?

---

पूर्णविराम

केशर, दोन्ही प्रश्न चांगले आहेत. क्वोथचा कोटशी काही संबंध नाही. कोट लॅटिनकडून आलं, क्वोथ अस्सल इंग्रजी. अर्थ 'म्हणाला', म्हणजे भूतकाळ. फक्त प्रथम आणि तृतीय पुरुषात चालतं, आणि कर्ता मागून येतो: क्वोथ आय, क्वोथ ही. 'क्वोथेथ' असं रूप नाही, 'टु क्वोथ' असंही नाही.

मीथिंक्स मराठी माणसाला इंग्रजांपेक्षा लवकर कळायला हवं, कारण ते आपलं 'मला वाटतं' आहे. यातलं 'मी' कर्ता नाही, चतुर्थी आहे: 'मला'. आणि 'थिंक्स' हे विचार करणारं थिंक नाही. जुन्या इंग्रजीत दोन जवळची क्रियापदं होती, एक विचार करणे, एक भासणे. पुढे दोघांचे उच्चार एक झाले. मीथिंक्समध्ये दुसरं आहे, आणि कर्ता अध्याहृत 'ते', म्हणून तृतीय पुरुषी 'स'. भूतकाळ 'मीथॉट': मला वाटलं.

'हॅम्लेट'मधलं प्रसिद्ध वाक्य 'द लेडी डोथ प्रोटेस्ट टू मच, मीथिंक्स' असं आहे, मीथिंक्स शेवटी. लोक ते पुढे आणतात. 'प्रोटेस्ट' म्हणजे इथे निषेध नाही, शपथा वाहणं. नाटकातली राणी पुन्हा लग्न करणार नाही अशा आणाभाका घेते, त्यावरचा शेरा आहे तो. आणि 'डोथ प्रोटेस्ट'मधल्या डोथचा जोर धरून 'खरोखरच' असं भाषांतर करू नये. त्या काळी डू पुष्कळदा नुसतं अक्षर भरायला यायचं. 'बाई जरा जास्तच शपथा वाहतात असं वाटतं' एवढाच अर्थ.

---

रानजाई

नाटकांच्या भाषांतराबद्दल एक पुरवणी. दाऊला 'तू' आणि यूला 'तुम्ही' असं डोळे मिटून लावत गेलं तर फसगत होते. 'हॅम्लेट'मध्येच तिसऱ्या अंकात आई म्हणते, 'हॅम्लेट, दाऊ हॅस्ट दाय फादर मच ऑफेंडेड'. तो उत्तर देतो, 'मदर, यू हॅव माय फादर मच ऑफेंडेड'. आईनं मुलाला दाऊ म्हणणं साहजिक, मुलानं आईला यू म्हणणंही त्या काळच्या रीतीला धरून. पण त्याच शब्दांची परतफेड करताना दाऊ हॅस्टच्या जागी यू हॅव येतं, त्यात थंडपणा आहे. मराठीत मुलगा आईला 'तू'च म्हणतो. 'तू' ठेवलं तर तो थंडपणा जातो. 'आपण' घातलं तर राजघराण्यात ते शोभतं आणि दुरावाही कळतो. मी 'आपण'च्या बाजूनं आहे. शिवाय 'फादर' दोन वेळा येतं पण माणसं दोन आहेत (आईच्या तोंडी सावत्र बाप, मुलाच्या तोंडी मेलेला खरा बाप), हे भाषांतरात दिसलंच पाहिजे.

जिथे एखादं पात्र मधेच दाऊवरून यूवर किंवा उलट जातं, त्या जागा आधी पेन्सिलनं खुणा करून घ्याव्यात. राग, लाडीगोडी, तुटकपणा असं काहीतरी तिथे हमखास घडत असतं.

---

निळी शाई

आणखी एक अडतं. प्रभूच्या प्रार्थनेत 'दाय किंगडम कम' आहे. किंगडम तृतीय पुरुष एकवचन, मग 'कमेथ' का नाही? नियम तर मोडला.

---

पूर्णविराम

मोडला नाही. ते विधान नाही, इच्छा आहे. 'कमेथ' म्हणजे 'येतं', 'कम' म्हणजे 'येवो'. मराठीतही तेच आहे पाहा: 'तुझे राज्य येवो'. तो 'वो' आपल्याला वेगळा दिसतो. इंग्रजीत या अर्थाचं रूप म्हणजे बिनशेपटीचं क्रियापद, म्हणून ते चुकल्यासारखं वाटतं. 'हॅलोड बी दाय नेम', 'दाय विल बी डन', आजही ऐकू येणारं 'गॉड सेव्ह द किंग', सगळी याच साच्यातली.

'जर' किंवा 'जरी'नंतर येणारी शंका, शक्यता यांतही हेच रूप: 'इफ दाऊ बी द सन ऑफ गॉड', 'दो ही स्ले मी'. इफ दाऊ आर्ट, दो ही स्लेएथ असं नाही. 'मारतो' आणि 'मारलं तरी' यांत जो फरक, तो.

पण त्याच प्रार्थनेची सुरुवात 'अवर फादर विच आर्ट इन हेवन' अशी आहे. पित्याला हाक मारली आहे, म्हणून 'विच'च्या मागे लपलेला कर्ता दाऊ, म्हणून आर्ट. आणि माणसांसाठी 'विच' त्या काळी चालायचं.

---

बोरू

'सेथ'साठी आपल्याकडे सर्वांत जवळचं काही असेल तर 'तुका म्हणे' मधलं 'म्हणे'. संतांच्या भाषेत ते वर्तमान: म्हणतो. आज 'तो रोज देवळात जाई' असं म्हटलं की आपल्याला रीतिभूतकाळ ऐकू येतो. रूप तेच, काळ सरकला. इंग्रजीत 'एथ'चा काळ सरकला नाही, ते रूपच गळून पडलं. म्हणून 'सेथ'चं भाषांतर 'म्हणत असे' असं करू नका. 'दस सेथ द लॉर्ड' म्हणजे 'परमेश्वर असे म्हणतो'.

---

घाटमाथा

हल्ली जाहिराती, पत्रिका, टीशर्ट यांवर जुनी इंग्रजी म्हणून जे छापतात त्यातल्या ठरलेल्या चुका: 'आय गोएथ', 'दे हॅथ', 'दाऊ हॅथ', 'यी हॅस्ट', आणि आज्ञार्थाला एथ, जसं 'कमेथ हिअर'. आज्ञेला शेपूट नसतं. 'गो दाऊ' चालेल, 'गोएथ' नाही. तपासायचं कसं? जुनं रूप काढून आजचं रूप घाला. 'आय गोज', 'दे हॅज' कानाला खटकलं की 'एथ'ही चूक.

'द लॉर्ड गिव्हेथ अँड द लॉर्ड टेकेथ अवे' हे बायबलातलं वाक्य म्हणून देतात. व्याकरण बरोबर, पण ईयोबाच्या पुस्तकात तसं नाही. तिथे 'द लॉर्ड गेव्ह, अँड द लॉर्ड हॅथ टेकन अवे' आहे. ईयोबाची मुलंबाळं, गुरंढोरं गेलेली आहेत. तो झालेल्या गोष्टीबद्दल बोलतोय, सर्वसाधारण सिद्धान्त सांगत नाही.

---

रानजाई

'व्हॉट हॅथ गॉड रॉट' यातलं 'रॉट' काय? मोर्सच्या तारेचं वाक्य.

---

बोरू

'वर्क'चं जुनं भूतकालवाचक रूप. 24 मे 1844 रोजी सॅम्युअल मोर्सनं वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला तार धाडली ती या वाक्याची, मूळ बायबलातल्या गणनाच्या पुस्तकातलं. 'देवाने काय घडवले आहे!' हॅथ म्हणजे हॅज, रॉट म्हणजे वर्क्ड, मिळून पूर्ण वर्तमानकाळ. रॉट आयर्न म्हणजे घडीव लोखंड, तापवून हातोड्यानं ठोकून घडवलेलं. स्पेलिंगमध्ये सुरुवातीला डब्ल्यू आहे, तो उच्चारत नाहीत, आणि सडण्याच्या 'रॉट'शी त्याचा संबंध नाही. 'रॉट हॅवक' वाचून ते 'रीक'चा भूतकाळ समजतात, तसं नाही. रीकचा भूतकाळ रीक्ड.

---

केशर

आणि 'ही इज कम', 'ही इज रिझन'? हॅज हवं ना?

---

पूर्णविराम

येणे, जाणे, उठणे, होणे अशा गतीच्या किंवा स्थिती बदलण्याच्या अकर्मक क्रियापदांना पूर्वी हॅवऐवजी बी चालायचं. 'व्हेन ही वॉज कम डाऊन फ्रॉम द माउंटन' हे मत्तयाच्या आठव्या अध्यायाचं पहिलं वाक्य, अर्थ 'तो डोंगरावरून उतरून आल्यावर'. याला कर्मणी समजून 'आणला गेला' करू नये. आपण 'तो आला आहे' म्हणतोच, आपल्याकडे 'आहे' शिवाय दुसरा पर्याय नाही, त्यामुळे शब्दशः वाचलं तरी चुकत नाही. सकर्मक क्रियापद मात्र तपासावं लागतं: 'ही इज टेकन' म्हणजे 'त्याला नेलं आहे', 'त्यानं नेलं आहे' नव्हे.